सूचना : अक्षरओळखीआधी पहिला आवाज

गटातील सर्व अंगणवाडीताई व बालवाडी शिक्षिकांना कळविण्यात येते की, मुलांना पाटीवर अक्षर दाखविण्यापूर्वी शब्दाचा पहिला आवाज ऐकून ओळखण्याचा सराव तोंडीच घ्यावा, आणि त्यासाठी तक्त्यावरील गलबत, यज्ञ अशा अनोळखी चित्रांपेक्षा कापूस, तूर, बाजरी, मोसंबी या आपल्या जालना भागातील ओळखीच्या वस्तू मुलांच्या हाती द्याव्यात. चाक आणि चंद्र यांतील ‘च’चा उच्चार वेगळा असल्याने हे दोन शब्द एकाच दिवशी घेऊ नयेत, जाते व जीभ यांबाबतही तेच. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तेथे बाण, फळ अशा शब्दांतील शेवटचा आवाज ऐकवावा. बाराखडी घोकून घेण्याची घाई, पालकांनी कितीही आग्रह धरला तरी, या वयात करू नये.