तुवालूला निघण्याआधी

संपादक महाशय,

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी निघणारी मंडळी जळगाव-धुळ्यातही वाढली आहेत आणि आता प्रशांत महासागरातल्या तुवालूची चौकशी होऊ लागली आहे. मालदीवसारखं काही असेल या समजुतीने कुणी तिकीट काढू नये, म्हणून हे पत्र.

नऊ बेटं मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे एकरात मोजली तर साडेसहा हजारही भरत नाही. हॉटेलं बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा आधी खोली नक्की करावी, मग तिकीट.

नेहमीची वाट फिजीतून. मुंबईहून सिंगापूरमार्गे जाणारा नादीला उतरतो, पण तुवालूची राजधानी फुनाफुटीचं विमान सुटतं सुवाजवळच्या नौसोरीहून, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या अंगाहून. मध्ये रस्त्याने तीन-चार तास किंवा अर्ध्या तासाचं विमान. दोन्ही उड्डाणं एकाच दिवसात बसवू नयेत. फुनाफुटीला आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या. हवा बिघडून एक चुकली की पुढची येईपर्यंत तिथेच मुक्काम. म्हणून परतताना फिजीत दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. फिजीसाठी भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. सिडनीमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर मात्र ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा आधी पाहावा.

पैसे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, रोख आणि सुट्या नोटांत. २०२५च्या एप्रिलपर्यंत त्या देशात एटीएमच नव्हतं. आता आलं आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नये. चार्जरसाठी तिरक्या चपट्या पिनांचा ऑस्ट्रेलियन अडॅप्टर लागतो, आपली गोल पिन तिथे बसत नाही.

शाकाहाऱ्यांची खरी पंचाईत. मासे, नारळ आणि भात मुबलक. भाजी महाग, कारण बरीचशी बाहेरून येते. खाकरा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी पॅकबंद न्यावी आणि फिजीच्या जैवसुरक्षा अर्जावर प्रामाणिकपणे लिहावी. घरची केळी किंवा भरताची वांगी नेण्याचा हट्ट नको, ताजी फळं-भाज्या तिथे काढून घेतात.

भाजी महाग असण्याचं कारण जमिनीतच आहे. पोवळ्याच्या सच्छिद्र थरावर नदी नाही, ओढा नाही. पिण्याचं पाणी पत्र्यावरून टाकीत उतरलेलं पावसाचं, त्यामुळे आंघोळीला बादलीचाच हिशेब ठेवावा. साधारण फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या भरतीत समुद्र किनाऱ्यावरून आत येतोच, शिवाय जमिनीतूनही बुडबुडत वर येतो. अळूच्या जातीचं पुलाका हे तिथलं कंद ज्या खड्ड्यांत लावतात तेही खारट होतात. बांध घालून काय अडवणार? चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे जायचंच तर मे ते ऑक्टोबर.

पाहायचं काय? नऊपैकी एक असलेलं फुनाफुटी म्हणजे खाजणाभोवती, मधल्या समुद्राच्या पाण्याभोवती, लहान-लहान बेटांचं कडं. त्या खाजणाच्या पश्चिमेला १९९६पासून राखीव असलेली अशीच सहा छोटी निर्जन बेटं, होडी ठरवून. आणि संध्याकाळी विमानाची धावपट्टी! विमान नसलं की तीच गावचं मैदान होते: व्हॉलीबॉल, फुटबॉल, मोटारसायकली, चटया टाकून गप्पा. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, तेव्हा मुकाट्याने बाजूला व्हावं. रविवारी गाव चर्चमध्ये असतं आणि दुकानं बहुतेक बंद, त्यामुळे सामान शनिवारीच घेऊन ठेवावं.

— एक वाचक, जळगाव