मिनू, यंदा एकच बहर धर

प्रिय मिनू,

"सगळंच मला आवडतं, मग काहून सोडू?" असं विचारून तू तालमीला निघून गेलीस. प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तर लिहून ठेवते. सवडीनं वाच.

तुला कबड्डी आवडते, एकांकिकेचं नेपथ्य आवडतं, मैत्रिणींवाचून करमत नाही. यातल्या एकाही आवडीबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या वयात इतकं सगळं हातात असावं याचं मला कौतुकच वाटतं. मला बोलायचंय तुझ्या उजव्या घोट्याबद्दल.

गॅलरीतल्या दोरीवर तुझं क्रेप बँडेज वाळत होतं. एका टोकाला नेपथ्याच्या फ्लॅटचा, म्हणजे रंगवलेल्या उभ्या चौकटीचा, तपकिरी रंग, दुसऱ्या टोकाला मॅटची काळपट घाण, आणि मधला भाग इतका सैल की ताणून सोडला तरी आखडेना. तेच बांधून तू सकाळी चढाया करतेस, संध्याकाळी फ्लॅट उचलतेस आणि रात्री गरब्यात उभी राहतेस.

सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, असं तू म्हणतेस. माझ्या क्लिनिकमध्ये येणारी पोरंही हेच म्हणतात. पाय आत मुरगळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, आधी फाटतं. सूज काही आठवड्यांत ओसरते, पण फाटलेले तंतू जुळून बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. शिवाय त्या लिगामेंटमध्ये बारीक नसांची टोकं असतात. पाऊल कसं पडलंय, किती कललंय याची खबर ती मेंदूला देतात. दुखापतीनंतर ती खबर उशिरा पोचते. म्हणून तर परवा लक्ष्मीनगर चौकात, धड सपाट रस्त्यावर, तुझा पाय पुन्हा गेला. तिथं खड्डा नव्हता, दगड नव्हता. भिंतीजवळ डोळे मिटून आधी डाव्या पायावर उभी राहा, मग उजव्या. फरक तुझा तुलाच कळेल.

आणि कबड्डीत तर सगळा खेळच घोट्याचा. 30 सेकंदांच्या चढाईत तू सारखी या पायावरून त्या पायावर झुकतेस, बोनस रेषेपाशी गर्रकन वळतेस, आणि कोपऱ्यातली पोरगी नेमका घोटाच धरायला टपलेली असते. गोळी घेऊन खेळलीस तर दुखणं तेवढ्यापुरतं गप्प बसेल, घोटा कच्चाच राहील. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला वेळ लागत नाही. असं वारंवार झालं की तो कायमचा डळमळीत होतो. अशी पोरं मी रोज बघते गं. तू त्यांच्यातली एक व्हावीस हे मला सहन होणार नाही.

झोपेचंही सांगते. लॉस एंजेलिसमधल्या 112 शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास 2014 साली छापून आला. 8 तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याची शक्यता बाकीच्यांच्या 1.7 पट निघाली. ती मुलं तुझ्यापेक्षा लहान होती, पण तुझं शरीर काही वेगळ्या मातीचं नाही. तू रात्री तालमीहून येतेस, मग मोबाइल, मग स्केच, आणि पहाटे मैदान. थकलेला पाय चुकीचा पडतो, आणि नेमका तोच पाय आधी दुखावलेला आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. काटोलच्या बागेत तू लहानपणापासून गेली आहेस, आबाजींना बहर धरताना पाहिलं आहेस. संत्र्याला वर्षात तीनदा फूल येऊ शकतं: जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, पावसाच्या तोंडाशी मृग, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. आबाजी त्यातला एकच धरतात. मृग धरायचा तर भर उन्हाळ्यात पाणी तोडतात, पानं मलूल झाली तरी जीव घट्ट करून थांबतात. तिन्ही बहर घेऊ दिले तर फळ बारीक राहतं आणि झाड खंगतं. सोडलेल्या बहराचं त्यांना वाईट वाटत नाही. झाड पुढच्या वर्षीही उभं राहायचंय, याच हिशोबानं ते चालतात.

तूही यंदा एकच धर, आणि तो एकांकिकेचा धर. बाबांना वाटतं तू नाटक सोडावंस, मला तसं वाटत नाही. महाल भागातल्या त्या जुन्या वाड्यासमोर वही घेऊन तू दुपारभर बसलीस, दाराच्या गुलमेखा मोजल्यास आणि घरी येऊन बाटल्यांची झाकणं सोनेरी रंगवून प्लायवर चिकटवलीस. मी चार पावलांवरून पाहिलं, पितळच वाटलं. हे काम तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणार नाही, स्पर्धा तोंडावर आली आहे, आणि ते स्टुलावर बसूनही करता येतं. फक्त शिडीवर चढायचं नाही आणि लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे ते लाकडी चौथरे, उचलायच्या नाहीत. ते पोरांना सांग. लाजू नकोस.

मैत्रिणी मात्र तोडू नकोस. आधी हिंडणं-फिरणं बंद कर, असं सगळे सांगतील. मला ते पटत नाही. दुखापत झालेला खेळाडू खोलीत एकटा बसून दुसऱ्यांचे स्टेटस बघत राहिला की त्याचं मन पायाआधी मोडतं. रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्कला तर्री पोहे खायला जा, फुटाळा तलावावर बसून ये. दसऱ्याला दीक्षाभूमीवर तुझ्या मैत्रिणीच्या वस्तीतले लोक पाणी वाटणार आहेत, तिथंही अवश्य जा. लाखो माणसं दुरून येतात, त्यांच्यासाठी खुर्चीवर बसून ग्लास भरून देणं हेही कामच आहे. पण गर्दीत ड्रम घेऊन धावायचं काम दुसऱ्या कोणाला दे. गरबा यंदा बघायचा. त्यातल्या गिरक्या आणि उड्या तुझ्या घोट्याला सध्या झेपणाऱ्या नाहीत. आणि ग्रुपवर कोणी "येते का?" म्हटलं की लगेच हो म्हणू नकोस, सकाळी उत्तर दे.

राहिली कबड्डी. यंदाची निवड चाचणी सोड. हे लिहिताना मलाही जड जातंय, कारण त्यासाठी तू किती घाम गाळलास ते मी पाहिलंय. "यंदा गेले नाही तर सर विसरतील," ही तुझी भीती मला कळते. नीरज चोप्राच्या कोपरावर 2019 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची दोह्याची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियोला सुवर्णपदक त्याच्याच गळ्यात पडलं. तुझ्या अंगात त्याच्याएवढी ताकद आहे की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण घोटा बिघडला तर ते कधीच कळणार नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

परतायचं कधी, हे तारीख पाहून ठरवायचं नाही. डाव्या पायावर जितक्या टाचा उचलतेस तितक्याच उजव्यावर उचलता आल्या, एका पायाची उडी दोन्हीकडे सारखी लांब पडली आणि नागमोडी पळताना घोटा दुखला नाही, की मी स्वतः तुला मॅटवर सोडेन. तोवर रोजचा व्यायाम चुकवायचा नाही. वजन न उचलता वरच्या अंगाचा सराव आणि सामने बघून डाव समजून घेणं सुरू ठेव, त्याला माझी ना नाही.

सोमवारपासून संध्याकाळी सहाला क्लिनिकवर ये. तालीम सातला असते ना, बाबा तिथून सोडून देतील, गाडी तू चालवायची नाहीस. सरांना फोन मात्र तूच कर. तपासणीचा कागद तुझ्या टेबलावर ठेवलाय, त्याचा फोटोही पाठव. ते चिडले तर चिडू दे, पण लपवून मैदानात उतरू नकोस.

आणि गरब्याचे पास मावशीच्या पोरींना द्यायचे का, तेवढं आज कळव. त्या विचारून राहिल्या.

तुझी,
आई