वाळपईच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

वाळपईच्या इतिहासावरच्या शाळेच्या पुस्तिकेत तुमचं नाव घालायचं नाही, असं तुम्ही मला दोनदा बजावलंत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, पण नावाशिवाय. वाचणाऱ्या वाळपईकरांनी ओळखलंच, तर त्याला माझा इलाज नाही.

सातवीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं होतं, "बाई, आपल्या वाळपईचा पहिला महापौर कोण?" मी गोव्यातल्या या सत्तरी तालुक्यात जन्मले, इथेच वाढले, इथेच शिकवते आणि मला उत्तर आलं नाही. चौकशीला एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला "असलं जुनं इथे कोण ठेवतो?" हे ऐकून परतले. त्याच संध्याकाळी तुमच्या सोप्यावर येऊन बसले.

तुम्ही आधी प्रश्नच दुरुस्त केलात. महापौर गोव्यात एकट्या पणजीला, तोही २००२ साली तिथे महानगरपालिका झाल्यापासून. आपल्याला नगराध्यक्ष. आणि नगराध्यक्षाच्या आधी कोण, हे हवं असेल तर उद्या वही घेऊन ये म्हणालात. त्या "आधी"साठी तुम्ही मला पुढे पाच महिने दिलेत.

सत्तरी म्हणजे सत्तर गावांचा मुलूख, हे मला ठाऊक होतं. पण तो पोर्तुगिजांच्या हाती पक्का गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून, आणि म्हणून आपण "नव्या काबिजादी"तले, म्हणजे उशिरा जिंकलेल्या मुलखातले, याचा अर्थ तुम्ही समजावलात. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादी अडीचशे वर्षं आधीपासून त्यांच्या ताब्यात होत्या. आपल्याकडे सत्ता आली ती सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन अडखळली. इथली वहिवाट राणे मोकासदारांची, म्हणजे गावांच्या महसुलाचा हक्क असलेल्या वतनदारांची होती. कर आणि वतनातली ढवळाढवळ सोसेना, तेव्हा २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राण्यांनी बंड करून वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला. सरकार साडेतीन वर्षं झुंजलं आणि १८५५ मध्ये समेटाला आलं. पुढे कुष्टोबा राण्यांनी बंड केलं. मग १८९५ मध्ये मराठा शिपायांना मोझांबिकला पाठवण्याचा हुकूम निघाला. ते बिथरले आणि थेट नाणूसला गेले. दादा राण्यांनी पुढारीपण घेतलं. ते बंड मोडायला पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ फौज घेऊन आला. एवढ्याशा सत्तरीसाठी लिस्बनहून राजाचा भाऊ! हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, आतून काकींनी वाकून पाहिलं, ते मी विसरणार नाही.

तरी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा कागद. तुमच्या घरातला, कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या वाटणीचा, मोडीतला. कसरीने कडा खाल्लेल्या, घडीवर फाटलेला. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि वाच म्हणालात. मी एका शब्दावर अडले आणि "मोकळा" असं वाचलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नुसतं बोट पुढच्या ओळीवर नेलंत. तिथे तोच शब्द पुन्हा होता, आणि तिथे "मोकळा" बसेना. तो "मोकासा" होता, राण्यांचा तो महसुलाचा हक्क. एका शब्दाने अख्ख्या कागदाचा अर्थ फिरला. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण कागद वाचायचा कसा, ते त्या दुपारी कळलं.

मग आडमिनिस्त्रादोर, म्हणजे पोर्तुगीज प्रशासक. जुन्या काबिजादींत कामरा होत्या, म्हणजे नगरपालिका. डोंगराकडच्या आपल्या भागावर मात्र सरकारने नेमलेला आडमिनिस्त्रादोर असे. लोकांनी त्याला निवडलेलं नसे, म्हणून लोकांना त्याला जाबही विचारता येत नसे. तुमचे वडील अर्ज घेऊन त्याच्या दारात कसे उभे राहत, चपला बाहेर काढून, टोपी हातात धरून, ते तुम्ही उठून उभं राहून दाखवलंत. आणि मग बसून म्हणालात, "आता नगराध्यक्षाला रस्त्यात थांबवून विचारतो, बाबा, गटार कधी उपसणार?"

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतरही हे एका दिवसात झालं नाही. १९६८ साली गोवा, दमण आणि दीवसाठी नगरपालिकांचा कायदा आला. लोक नगरसेवक निवडतात, आणि नगरसेवक आपल्यातून नगराध्यक्ष. त्या मुलीला मी शेवटी नाव सांगितलं, पण त्याआधी तुमच्या वडिलांची टोपी सांगितली. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "बाई, मग आता आम्ही नगराध्यक्षांना पत्र लिहू?" लिहिलं त्यांनी. शाळेसमोरच्या गटाराबद्दलच.

काका, तुम्ही पगारापोटी हे केलं नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी मला घेऊन एसटीने पणजीच्या पुराभिलेखागारात आलात. तो १५९५ पासूनचा दप्तरखाना पाहून मी दारातच थबकले, तर म्हणालात, "आत चल, कागद बाहेर येऊन भेटत नाहीत." येताना होंड्याला उतरून मला चहा पाजलात आणि पैसे देऊ दिले नाहीत. त्या चहाचेही आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते. काकींचेही, प्रत्येक वेळी माझ्यासाठी नाचणीची आंबील तयार असायची.

पुस्तिकेच्या चाळीस प्रती निघाल्या. पहिली तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे. तुमचं भिंगही माझ्याकडेच आहे. चवथ झाली की दोन्ही घेऊन येते. पेटीच्या तळाशी दोन कागद राहिले होते, ते तेवढे तोवर कुणाला देऊ नका.

तुमची,
शाळेतली बाई