लाल बाहीखालचं प्लास्टर

कराड,
16 फेब्रुवारी 2025

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोन तू ठेवलास की गाडीत रेंज गेली, ते मला अजून कळलेलं नाही. बाबा म्हणतात, रेंज गेली असेल. तसंच असू दे.

सकाळचे साडेआठ वाजले होते, मी शाळेच्या डब्यात पोळ्या भरत होते आणि तू स्क्रीनवर आलास. किती दिवसांनी तुझा असा चेहरा पाहिला! लाल जर्सी, मागे पोरांचा गलका. ‘आई, बीनपॉट जिंकलो, बीसीला 4-1 नं हरवलं, 32 व्यांदा!’ तुमच्या त्या बर्फावरच्या हॉकीतलं बीनपॉट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण तू जिंकलास म्हणजे चांगलंच काहीतरी, एवढं मला पुरे होतं. मग तू दोन्ही हात वर केलेस, बाही कोपरापर्यंत घसरली आणि डाव्या मनगटावरचं पांढरं प्लास्टर दिसलं.

बारा दिवस, ओंकार. बारा दिवस तू तो हात टेबलाखाली ठेवून आमच्याशी बोललास. आजीला तिळगूळ पोचल्याचं सांगितलंस तेव्हासुद्धा.

त्यानंतर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. बँकेचं कर्ज, तिथल्या डॉक्टरांची बिलं, ‘शिकायला पाठवलंय की पडायला’, हे सगळं रागात निघून गेलं. तू म्हणालास, ‘आई, तुला त्यातलं काही कळत नाही.’ ते मला लागलं, पण ते खरं होतं. म्हणून गेल्या पाच रात्री तुझ्या जुन्या लॅपटॉपवर बसून कळून घेतलं. मानेचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

आता मला ठाऊक आहे की बीनपॉट म्हणजे बॉस्टनमधल्या चार विद्यापीठांची आइस हॉकीची स्पर्धा. तुमचं बीयू (बॉस्टन युनिव्हर्सिटी), तुम्ही हरवलंत ते बीसी (बॉस्टन कॉलेज), हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न. 1952 साली सुरू झाली आणि आता फेब्रुवारीतले पहिले दोन सोमवार तिच्यासाठी राखलेले असतात. 1978 मध्ये ऐन सामन्याच्या रात्री असं हिमवादळ आलं की शेकडो माणसं बॉस्टन गार्डन नावाच्या स्टेडियममध्येच अडकली आणि तिथंच झोपली. त्यांच्या आया कुठे असतील त्या रात्री, असं मनात आलं. तेव्हा मोबाइलही नव्हते.

तुमच्या संघानं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सालं पाठ केली आहेत: 1971, 1972, 1978, 1995 आणि 2009. पहिली दोन जॅक केलींच्या हाताखाली. पुढची तिन्ही जॅक पार्कर यांची. त्या माणसानं एकाच संघाला 40 हंगाम शिकवलं आणि 897 सामने जिंकून दिले. स्वतःही तिथलाच खेळाडू. एका शाळेवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला त्याची किंमत कळते रे. पोरं येतात, जातात, फळ्याशी उभा राहणारा तोच. तुमचे आताचे प्रशिक्षक जे पांडोल्फो 1995 च्या विजेत्या संघात खेळले होते. म्हणजे पार्करांचेच विद्यार्थी.

2009 चा अंतिम सामना मी पूर्ण पाहिला. मायामीविरुद्धचा, वॉशिंग्टनमधला. शेवटचं मिनिट उरलेलं आणि तुमची पोरं 3-1 अशी मागे. गोलकीपरला बाहेर बोलावून त्याच्या जागी आणखी एक खेळाडू उतरवलेला, म्हणजे मागचं जाळं सताड उघडं. ते बघून मी बाबांना उठवलं. रात्रीचा एक वाजला होता. 59 सेकंद उरलेले असताना एक गोल, 17 सेकंद उरलेले असताना दुसरा, आणि मग जादा वेळेत तिसरा. सोळा वर्षांपूर्वीचा सामना, निकाल आधी वाचलेला, तरी आम्ही दोघं अंथरुणावर उठून बसलो होतो. बाबा म्हणाले, ‘कबड्डीत शेवटच्या चढाईला असंच होतं.’ आणि मग त्यांनी गुडघा चोळला. थंडीत तो अजून दुखतो, हे तुला त्यांनी सांगितलेलं नाही. घरातले पुरुष सगळे एकाच माळेतले, दुखलं की लपवायचं.

बघ, पुन्हा तिकडेच आले.

1980 च्या ऑलिम्पिकचंही वाचलं. लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या ज्या पोरांनी बलाढ्य रशियाला 4-3 नं हरवलं, त्यात चौघं तुमच्या विद्यापीठाचे होते. तो निर्णायक गोल मारणारा कप्तान माइक इरुझिओनी तुमचा आणि गोलकीपर जिम क्रेगही तुमचा. दोन दिवसांनी फिनलंडला हरवून सुवर्णपदक नक्की झालं, सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि जिम क्रेग खांद्यावर झेंडा घेऊन प्रेक्षकांत कुणाला तरी शोधत होता. वडिलांना शोधत होता. आई आधीच गेलेली. ते दृश्य मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. एवढ्या गर्दीत, एवढं मोठं काही मिळाल्यावर, पोराची नजर घरच्या माणसाला शोधते. तूही मंगळवारी जिंकल्या जिंकल्या मला फोन केलास. आणि मी बिलांचं बोलले. माफ कर मला.

पण ओंकार, तू ज्या बर्फावर शिकतोस, त्या वॉल्टर ब्राउन रिंकवर 1995 साली काय झालं ते तुला माहीत असणारच. तुम्हा मुलांना 24 नंबर माहीत असतो. त्या संघानं निवृत्त केलेला नंबर.

ट्रॅव्हिस रॉय. मेन राज्यातल्या यार्मथ गावचा. वडील रिंकचे व्यवस्थापक, पोरगा चालायला लागला आणि बर्फावर गेला. 20 ऑक्टोबर 1995 ला विद्यापीठाकडून त्याचा पहिला सामना होता, नॉर्थ डकोटाविरुद्ध. त्याच संध्याकाळी आधीच्या विजेतेपदाचा झेंडा छताला चढवला होता. हा पोरगा बर्फावर उतरला, समोरच्या खेळाडूला धडक द्यायला गेला, तो निसटला आणि हा डोक्यावर कडेच्या फळ्यांना जाऊन आदळला. उतरल्यापासून 11 सेकंद झाले होते. मानेतला चौथा मणका. वीस वर्षांचा होता. कुणी दांडगाई केली नव्हती, कुणाचा दोष नव्हता.

त्याचे वडील प्रेक्षकांतून उतरून बर्फावर आले. हात कळत नाही, मान दुखते, असं त्यानं त्यांना सांगितलं आणि मग म्हणाला, ‘पण बाबा, मी इथवर पोचलो.’

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मानेचा विषय काढायचा नाही म्हटलं होतं. आता काढतेच.

नंदूमामाचा फोटो तू पाहिला आहेस, आजोळच्या सोप्यातला, मिशी फुटायच्या आधीचा. तो आजारानं गेला एवढंच तुला सांगितलं. 1988 चा मे महिना होता. तो एकोणीस वर्षांचा, मी चौदाची. तो रोज दुपारी मळ्यातल्या विहिरीत सूर मारायचा. काठावरच्या दगडावरून, हात पुढे, पाण्याचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. त्याचं घड्याळ माझ्याकडे द्यायचा, कारण पाण्याखाली किती वेळ राहिला ते मी मोजायचे. त्या दिवशीही मोजत होते. आठवडाभर शेजारच्या मळ्यात इंजिन चालू होतं आणि पाणी उतरलेलं होतं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. काटा चाळीसच्या पुढे गेला तेव्हा मला वाटलं, आज नंदूदादानं विक्रम केला.

चार माणसांनी हातापायांना धरून त्याला वर काढलं. मान लोंबत होती. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की मान हलवायची नसते? जीपमध्ये मागच्या बाकावर आडवा टाकला आणि कच्च्या रस्त्यानं नेला. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी आजोबांना कागदावर काढून समजावलं, ते मी दारात उभी राहून ऐकलं. मानेला मुळात थोडा बाक असतो, त्यामुळे ती मार झेलते. डोकं जरा पुढे झुकलं की तो बाक जातो, मणके एका सरळ रांगेत उभे राहतात, आणि टाळूवर बसलेला मार जिरायला जागाच उरत नाही. मधला मणका फुटतो. विहिरीच्या तळाचा दगड काय आणि तुमच्या रिंकची फळी काय, गणित एकच आहे.

अकरा वर्षं तो त्या सोप्यात होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. रात्री आजी, दिवसा मी. क्रिकेटची कॉमेंट्री लागली की ट्रान्झिस्टर त्याच्या छातीवर ठेवायचा, आणि खरखर झाली की तो डोळ्यांनी मला खूण करायचा, मी बटण फिरवायचे. एकदाही त्यानं घड्याळाचा विषय काढला नाही. मी ते कधी वापरलं नाही. ते माझ्या कपाटात आहे, तुझ्या बारशाच्या कुंचीखाली.

म्हणून तुझी बाही घसरली तेव्हा मला मनगट दिसलंच नाही.

ट्रॅव्हिस रॉय त्यानंतर पंचवीस वर्षं जगला. खुर्चीवर बसून तुमच्याच विद्यापीठात परत आला, 2000 मध्ये पदवी घेतली. तोंडात कुंचला धरून चित्रं काढली. मणक्याला दुखापत झालेल्यांसाठी संस्था काढली, कुणाला खुर्ची, कुणाच्या दाराला उतार, कुणाची गाडी बदलून देणं, आणि संशोधनालाही पैसा. 2020 च्या ऑक्टोबरात गेला, 45 व्या वर्षी. त्याच्या आईचं नाव ब्रेंडा. तिनं किती वेळा त्याची कूस बदलली असेल, ते मला कुणी सांगायची गरज नाही. नंदूमामाला अशी खुर्ची मिळाली असती तर त्यानं काय केलं असतं, हा विचार पाच रात्री डोक्यातून जात नाही. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता. तुझं डोकं त्याच्यावर गेलं आहे.

आता माझं म्हणणं ऐक. खेळ सोड असं मी म्हणत नाही. म्हणणार होते, पहिलं पत्र तसंच लिहिलं होतं, ते बाबांनी वाचलं आणि काही न बोलता परत दिलं. तू लहानपणी कृष्णेच्या घाटावर पोहायला मागायचास आणि मी दरवेळी सर्दीचं कारण काढायचे. सर्दीचं नव्हतं ते. एक पोर पाण्यापासून लांब ठेवलं आणि ते जाऊन गोठलेल्या पाण्यावर उभं राहिलं.

फक्त डोकं वर ठेव. तिथले प्रशिक्षक लहान पोरांना हेच शिकवतात असं मी वाचलं. फळीवर जाणार असं वाटलं की हनुवटी वर, खांदा पुढे, पाठ पुढे, हात पुढे, काहीही आदळू दे, टाळू नको. मनगट मोडलं तर चालेल. हे मीच लिहिते आहे यावर माझा विश्वास बसत नाही, पण चालेल. कुणाला मागून ढकलू नकोस, तो नियमातही मोठा गुन्हा आहे. पुढची जाळी असलेलं हेल्मेट घेतलंस का? विद्यापीठाच्या संघातली पोरं पूर्ण तोंड झाकल्याशिवाय उतरत नाहीत. गळ्याला बांधायचा पट्टाही मिळतो, पण तो स्केटच्या पात्यानं कापू नये म्हणून असतो, मणक्याला त्याचा उपयोग नाही, हे मला आता कळलं आहे. तरी घे. दमलेला असलास, परीक्षेचं जागरण असलं, तर त्या दिवशी जाऊ नकोस. आणि बर्फावर कुणी पडलं आणि उठलं नाही, तर त्याला उचलू नका. कुणालाही उचलू देऊ नकोस. मदत येईपर्यंत नुसतं शेजारी बस आणि त्याच्याशी बोल.

झालं, वर्गात असल्यासारखं शिकवलंच शेवटी. पोरं म्हणतातच, जोशीबाई सुटीची घंटा झाल्यावरही थांबत नाहीत.

प्लास्टरचा आणि एक्स-रेचा फोटो पाठव. आजीनं डिंकाचे लाडू केले आहेत, हाडाला चांगले म्हणून. तिला मी मनगटाचंच सांगितलं, कुठे पडलास ते नाही. पार्सल उद्या निघेल. लाडू तुझ्या खोलीतल्या दोघांनाही दे, पण सकाळी दुधाबरोबर एक तू खाच. तुझी ती लाल जर्सी मला आवडली, आणखी एक मिळत असेल तर बाबांच्या मापाची बघ, मागत ते कधी नाहीत.

मंगळवारी फोन कर. साडेआठला मी घरीच असते. गाडीतून उतरल्यावर कर, म्हणजे रेंज जाणार नाही.

तुझी,
आई