पौर्णिमेला अकरा वाजता प्रदक्षिणा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हरिहरेश्वर-हेदवीचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, त्याबद्दल अभिनंदन. मात्र 'येत्या पौर्णिमेला निघा, अकरा वाजता हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करा आणि सूर्यास्ताला बामणघळीत उसळणारं पाणी पाहा' असा कार्यक्रम देण्याआधी कुणीतरी पंचांग उघडायला हरकत नव्हती.

हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा! म्हणजे आपले वाचक अकराला प्रदक्षिणेसाठी समुद्राकडच्या पायऱ्या उतरतील ते थेट भरतीच्या तोंडी, आणि तीही भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती नव्हे, तर उधाणाची, पौर्णिमा-अमावास्येची मोठी. पुढे सूर्यास्ताला हेदवीला पोचतील तेव्हा पाणी ओसरलेलं असेल आणि बामणघळ ही कातळातली नुसती चीर दिसेल. तिथे पाणी उसळतं ते भरतीची लाट अरुंद घळीत कोंडते म्हणून. लेखकाने दोन्ही ठिकाणं नेमकी उलट्या वेळेला गाठली आहेत. हेही कसबच म्हणायचं. अष्टमी धरली असती तर, वाटेतल्या दोन्ही फेरीबोटी वेळेवर मिळाल्यास, दोन्ही साधलं असतं. हा ठोकताळा आहे. किनाऱ्याने दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधीच लागते. त्यामुळे हाताशी तास-दीड तास राखून ठेवावा.

प्रदक्षिणेची वाट 'सोपी, कुटुंबासह करण्याजोगी' आहे म्हणे. असेल, ओहोटीला. दोन कड्यांमधल्या फटीतून पायऱ्या उतरलं की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मधला कातळाचा पट्टा भरतीला पाण्याखाली जातो. उतरायचं ते ओहोटी पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी, म्हणजे पाणी मागे हटत असताना चालणं होतं. ओहोटी संपल्यावर 'अजून कोरडंच आहे' म्हणून उतरणारे फसतात, कारण पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम जाणवतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मी भरती चढते. फोटो काढण्यात रमलेल्या माणसाची परतीची वाट तेवढ्यात बंद होते.

कातळ कुठवर ओला आहे ते आधी बघावं. तिथवर लाट येऊन गेलेली असते. पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाहिलं तर लहान लाटांमागून दोन-तीन मोठ्या कशा येतात तेही कळतं. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नये. कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत, लेखात त्यांचं कौतुक आहेच. त्यांच्या कडा आणि कालवांच्या शिंपा तळवा कापतात, म्हणून अनवाणी जाऊ नये आणि गुळगुळीत तळाची चप्पलही नको. रबरी, खाचांच्या तळाचे बूट हवेत. समुद्राकडे पाठ करून सेल्फी नको. कुणी पडलंच तर मागोमाग उडी न घेता दोर फेकावा. बरोबर वीस-पंचवीस फूट दोर असला तर काही बिघडत नाही. पावसाळ्यात तर त्या वाटेला जाऊच नये. बामणघळीच्या ओठावर उभं राहून आत वाकणं हाही तसलाच प्रकार.

यातलं एक वाक्यही लेखात नाही. कुठल्या हॉटेलात मोदक चांगले, यावर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात सूर्योदय-सूर्यास्ताखाली भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. दोन ओळींची चौकट होती ती. राशिभविष्याचा रकाना वाढला आणि ती गेली. 'पाण्यापासून जपा' हे कर्क राशीला सांगण्यापेक्षा सगळ्याच राशींना वेळेसकट सांगितलेलं बरं.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन

ता. क. : नकाशात बागमांडला आणि वेसवी या फेरीबोटीच्या दोन टोकांची अदलाबदल झाली आहे. बागमांडला रायगडात, खाडीच्या उत्तरेला. वेसवी पलीकडे, रत्नागिरीत.