बाह्य हार्ड डिस्क घेताना विजेची गरजही पाहा

माननीय संपादक महोदय,

आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून जपाव्यात म्हणून आम्ही बाह्य हार्ड डिस्क घेतली. मात्र जुन्या लॅपटॉपला जोडताच ती टकटक आवाज करी आणि पडद्यावर क्षणभर दिसून नाहीशी होई. ती परत करण्याच्या बेतात असतानाच कळले की, दोष डिस्कचा नसून अपुऱ्या विजेचा आहे. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून (केबल जोडायच्या खाचेतून) ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट, आणि यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. परंतु अडीच इंची डिस्कची तबकडी फिरू लागताना काही क्षण याहूनही अधिक वीज लागू शकते, आणि केबल लांब व बारीक असली की व्होल्टेज आणखी उतरते. स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण, मध्ये जोडल्यावर तीच डिस्क सुरळीत चालली.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतोच. गोव्यात पावसाळ्यात वीज अधूनमधून जाते आणि फाइल उतरत असताना ती गेली तर नोंदी खराब होऊ शकतात, म्हणून यूपीएस (वीज गेल्यावर काही वेळ बॅटरीवर वीज पुरवणारे उपकरण) नसेल तर अशी डिस्क घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ग्राहकाचा संगणक कोणता, त्याचे पोर्ट कोणते, एवढे विक्रेत्यांनी डिस्क देण्यापूर्वी विचारावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा