घोकंपट्टीचे खापर मध्ययुगावर का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील लेखात आजच्या घोकंपट्टीला 'मध्ययुगीन चर्चची देणगी' म्हटले आहे. हे वाचून अतिशय वाईट वाटले आणि रागही आला. तेराव्या शतकातील पॅरिस विद्यापीठात गुरू ग्रंथ वाचून त्यावर भाष्य करीत, हे खरे. परंतु त्याच्या जोडीला वादसभाही भरत. तेथे प्रतिपक्षाचे आक्षेप आधी मांडले जात आणि गुरूला आपला निर्णय देऊन त्यांची एकेक करून उत्तरे द्यावी लागत. त्याच शतकातील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' हा ग्रंथ याच क्रमाने चालतो. सत्याविषयीच्या त्यांच्या वादप्रश्नांपैकी (१२५६-५९) अकरावा प्रश्न तर गुरूविषयीच आहे. वैद्य जसा शरीराच्या मूळच्या शक्तीला साहाय्य करतो, तसा गुरू शिष्याच्या बुद्धीला साहाय्य करतो, आणि मूळ तत्त्वांशी संबंध न दाखवता नुसते सांगितले तर शिष्याच्या ठायी ज्ञान नव्हे, फार तर मत किंवा विश्वास निर्माण होतो, असे ते तेथे स्पष्ट म्हणतात.

मी बी.एड. करीत असताना या साऱ्या कालखंडाची बोळवण चार ओळींत झाली होती. 'चर्चने प्रश्न विचारू दिले नाहीत' ही त्यांतली एक ओळ. मग अबेलार्ड या फ्रेंच तत्त्वज्ञाने बाराव्या शतकात धर्माचार्यांची परस्परविरोधी वचने १५८ प्रश्नांखाली समोरासमोर का मांडली, असे मी विचारले, तेव्हा 'परीक्षेत येणार नाही ते विचारू नका' असे प्राध्यापकांनी भर वर्गात सुनावले. तो अपमान मी आजही विसरलेली नाही. पुढे शिक्षिका म्हणून आयुष्य काढले, पण विद्यार्थ्याचा आक्षेप मी कधी मध्येच तोडला नाही, आणि ते बळ मला थॉमस यांच्या वाचनाने दिले.

चर्चची बंधने होती, हे मी नाकारत नाही. १२१० मध्ये पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर बंदी आली होती. मात्र १२५५ मध्ये तेथील कलाशाखेने तेच ग्रंथ अभ्यासक्रमात नेमले, हेही लेखकाने सांगायला हवे होते.

वाचकांची पत्रे आपल्याकडे हल्ली मधूनच कापली जातात आणि नेमका मुद्दा गळतो. जागा कमी असल्यास हे पत्र छापू नये, पण अर्धवट छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, वसई